पापडगाडी आणि सरळगावचा नाका

या, असे जवळ या. तिकडे खांबाला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच कानी पडेल, आणि ही अर्धी ऐकण्यातली नाही. टाळ खाली ठेवलेत, बुवांना चहा गेलाय, ते परत उभे राहीपर्यंत सांगून होईल. देवाची नाही, माणसांची आहे. पण ज्याला हरिनाम गोड लागतं, त्याला माणसांच्या गोष्टीचं वावडं नसतं. आधी गालातल्या गालात हसाल… आणि मग जरा गप्प व्हाल. एवढं वचन.

दोन हजार सहा सालचा भाद्रपद. गणपती नुकतेच गेले होते. आसनगाव स्टेशनच्या पुलाखाली वजनाचं यंत्र होतं. त्यात लाल-पिवळे दिवे फिरायचे, नाणं टाकलं की खट्‌कन जाड कागदाचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. राही त्यावर उभी राहिली ती निव्वळ भविष्यासाठी. वजनाचं तिला काय पडलेलं नव्हतं. वाऱ्यानं ओढणीबरोबर उडून जाईल अशी तिची अंगकाठी.

तिकीट हातात आलं आणि मागून आवाज आला.

"किती आलं?"

राहीनं वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा. दोन्ही हातांना काळं तेल आणि एका भुवईचे केस भाजून गेलेले.

"काय?"

"नाय म्हणजे… वजन. किती आलं तुमचं?"

"ओळख ना पाळख," राही म्हणाली, "आणि पहिलाच प्रश्न मुलीला वजनाचा विचारता?"

"दुसरा उंचीचा विचारणार होतो."

तिला राग यायला हवा होता. पण तो इतका गंभीर उभा होता, जणू तहसीलदार कचेरीत दाखला मागतोय… तिला हसूच आलं. तिनं ओठ दाबले.

"उंची कशाला हवी?"

"पाच फुटांच्या आत असलात तर माझं कल्याण होईल. मी एक मोठी चूक करून बसलोय."

ती चूक अशी. शहापूरजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात राही दुसऱ्या वर्षाला होती, तिथेच हा साईनाथ शेवटच्या वर्षाला. कॉलेजातल्या नऊ मुलांनी मिळून उन्हावर चालणारी गाडी बांधायला घेतली होती. वर सौरपट्ट्या, पोटात बॅटरी, तीन चाकं, आणि पेट्रोलचा थेंब नाही. साईनाथच्या वडिलांचं सरळगावला वेल्डिंगचं दुकान, म्हणून सांगाडा जोडायचं काम त्याच्याकडे. चालकाच्या जागेचं माप ठरलं सात वीत. माप सांगितलं वडिलांच्या हातानं आणि पाईप कापले अनिल नावाच्या दोस्तानं, त्याच्या स्वतःच्या हातानं. आता वडिलांची वीत केवढी आणि अनिलची केवढी… गाडी तयार झाली, पण नऊ जणांतला एकही तिच्यात मावेना.

"अनिलसुद्धा नाय मावत," साईनाथ म्हणाला. "पाईप संपले, वेळ संपला. आठ दिवस मी माणसं बघत फिरतोय. सगळी लांब."

"म्हणजे मी आखूड."

"बरोब्बर मापाच्या," तो म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. "मागं काय लिहिलंय तिकिटावर?"

राहीनं वाचलं. "'प्रवासाचा योग आहे.'"

"बघा. यंत्रालापण माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमागच्या शेडमध्ये गेली, सांगाड्यात उतरली, गुडघे दुमडून बसली… आणि बसली की नीट. नऊ मुलांनी टाळ्या वाजवल्या. साईनाथनं मात्र खाली वाकून बघितलं, तिच्या कोपराला पाईप लागतोय का ते. लागत होता. संध्याकाळपर्यंत त्या पाईपाला जुन्या सतरंजीची चिंधी गुंडाळलेली होती. कोणी गुंडाळली, राहीनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

राहीचे वडील राघो, भातशेती करणारे आणि पंचक्रोशीतल्या कीर्तनात मृदंगाला बसणारे. त्यांनी ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, "चालव बाय गाडी. सूर्यनारायणाच्या जिवावर चालते, वाईट काय नाय त्याच्यात. फक्त तुझं नाव चार तोंडात जाईल असं काय करू नको." राहीनं मान हलवली. ती मान पुढे किती जड होणार होती, तेव्हा तिला काय माहीत.

दर रविवारी किन्हवलीच्या रस्त्यावर सराव. गाडीला आवाज म्हणून नाही. सुतार पक्ष्यासारखी जरा टकटक, बस. पहिल्याच रविवारी रस्त्याकडेला भाजीची पाटी घेऊन बसलेली सकुबाई उठून आली, गाडीवरच्या चौकोनी पट्ट्यांकडे बघून म्हणाली, "काय रं पोरांनो, एवढे पापड वाळत घातले नि ते पळवता कशाला?"

त्या दिवसापासून गाडीचं नाव पापड. शर्यतीच्या फॉर्मवर काय वेगळं इंग्रजी नाव होतं, ते आता कोणाला आठवत नाही.

साईनाथ पुढच्या ट्रॅक्स जीपमध्ये बसायचा, हातात वायरलेस घेऊन. राहीच्या शिरस्त्राणात कानाशी छोटा भोंगा, ओठांशी माईक. खड्डा कुठे, म्हैस कुठे, बॅटरी किती उरली, सगळं त्याच्या आवाजात तिच्या कानात. अख्खं जग पाठीमागे राहायचं आणि तो आवाज तेवढा सोबत.

"डावीकडे खड्डा."

"दिसला."

"नाय दिसला, म्हणून तर आपटलीस."

"तुम्ही आधी सांगत जा ना."

"आधी सांगितलं तर म्हणतेस, दिसला."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही नेमकं सांगता आलं नसतं. त्याचं आधी झालं. तिचं आठ-दहा दिवसांनी, तेही चुकून… आणि मग परत मागे घेता आलं नाही.

गाडीचे गुरू कमळाकर सर. त्यांनी वायरलेसचे नियम फळ्यावर लिहिले होते. एक, थोडक्यात बोलायचं. दोन, ऐकणाऱ्यानं ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. तीन, एकदा उत्तर आलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, लाईन अडते. चौथा नियम साईनाथमुळे वाढला. त्याचं 'नाय' वायरलेसवर अर्धं गिळलं जायचं. एकदा 'ट्रक नाय'मधलं 'नाय' गेलं आणि राहीला नुसतं 'ट्रक' ऐकू आलं, गाडी थेट शेतात. तेव्हा सरांनी फर्मान काढलं: "नाय म्हणायचं नाय. 'नाही' म्हणा, 'नको' म्हणा."

"सर, तुमीपण आता नाय म्हणालात," साईनाथ म्हणाला. शेड हसून हसून बेजार.

माघात किन्हवलीला सप्ताह बसला. राघो मृदंगावर. राही बायकांत पुढे. मधेच तिनं मागे पाहिलं तर दारातल्या चपलांशेजारी साईनाथ उभा; हात धुतलेले, सदरा इस्त्रीचा, कपाळाला बुक्का. नजर मात्र बुवांकडे नव्हती. ती पटकन पुढे वळली. पण पाठीला डोळे फुटल्यासारखं तिला सगळं कीर्तनभर वाटत राहिलं.

प्रसादाच्या रांगेत तो मागे येऊन उभा राहिला.

"बुवा एकच ओळ किती वेळा म्हणतात गो? मी मोजली. सात वेळा."

"ध्रुपद आहे ते. फिरून फिरून यायचंच." राही द्रोण पुढे करत म्हणाली. "पहिल्यांदा नुसतं कानावर पडतं. चौथ्यांदा कुठे मनात उतरतं. मोठी गोष्ट कोणी एकदाच विचारून सोडून देत नाही."

"आमच्या दुकानात टाका एकदाच मारतात," साईनाथ म्हणाला. "परत मारायला गेलं की पत्रा जळतो."

दोघंही हसली. शिरा गरम होता, वर तुपाचा वास, पलीकडे पोरं टाळ वाजवून बघत होती. दोघं आपापल्या घरचंच बोलली होती. दुसऱ्याच्या घरचं कान देऊन ऐकायला हवं होतं, ते मात्र कोणालाच सुचलं नाही.

शर्यत ठरली होती सप्ताहानंतरच्या रविवारी. सात कॉलेजांच्या सात गाड्या, शहापूरहून निघून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला. त्याच्या चार दिवस आधी साईनाथ शेडमध्ये चाकाचे आस तपासत होता आणि राही त्याला पाने देत होती. तो मान वर न करता म्हणाला,

"रविवारी संध्याकाळी धसईहून पाहुणे यायचेत घरी. सुपारी फोडायला."

राहीच्या हातातला पाना तसाच राहिला. "कोणाची?"

"माझी. मामाची मुलगी, अनिता. आईनं कधीचंच मनात धरलंय. मी आतापर्यंत टाळत आलो… पण आता आई विचारते, का नको ते सांग. उगाच नको म्हणून तिचं मन मोडायचं नाय मला. कोणासाठी नको, ते एक नाव पाहिजे ना सांगायला."

बाहेर शाळा सुटलेली पोरं ओरडत चालली होती. राहीचं काळीज इतकं मोठ्यानं वाजत होतं की तिला वाटलं, बाबांच्या मृदंगाची थाप परवडली. नाव ओठांवर होतं. तिचंच तर होतं. पण नाव चार तोंडात जाईल असं काय करू नको, हेही त्याच ओठांवर येऊन बसलं.

"शर्यत होऊ दे," ती म्हणाली. "मग बोलू."

"मगच्या आत संध्याकाळ व्हायची."

"शर्यत दुपारी संपते."

त्यानं मान वर केली. "बरं," म्हणाला. आणि पाना मागितला.

रविवार उजाडला तो लख्ख. शहापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना माणूस लोटलेलं. पापड पहिल्या अर्ध्या तासातच पाच गाड्यांच्या पुढे गेली. पुढे उरली एकच, निळ्या रंगाची, कल्याणकडच्या पोरांची. किन्हवली मागे पडली. पळस फुलायला लागलेला, शेतात वालाच्या शेंगांचा वास, आणि कानात तोच आवाज.

"वेग छत्तीस. धर तसाच."

"छत्तीस. धरला."

आणि माघातलं आभाळ कधी भरून येत नाही, ते त्या दिवशी आलं. दाट नाही, दुधावर साय यावी तसं पातळ. पण उन्हावर जगणाऱ्या गाडीला तेवढंही पुरतं. बॅटरीचा काटा खाली झुकायला लागला. काळू नदीच्या पुलापुढची चढण समोर होती. ट्रॅक्स चढण चढून वरच्या वळणाशी पोचलेली, तिची मागची काच चमकत होती.

कानात खुट्ट झालं. मग साईनाथचा आवाज आला, पण तो रोजचा नव्हता. हळू होता.

"राही… थांबू का मी?"

आता नीट ऐका. थांबणं म्हणजे गाडी उभी करणं. आणि थांबणं म्हणजे एखाद्याची वाट बघणं. मराठीत शब्द एकच. ट्रॅक्स वळणावर उभी करू का, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ ज्यानं विचारला त्याला आणि जिनं ऐकला तिला, दोघांनाच ठाऊक.

आणि राहीला कळला. त्याच क्षणी कळला. पण ट्रॅक्समध्ये सर होते, अनिल होता, अजून चार पोरं होती. त्या डबीतून तिचं उत्तर सगळ्यांच्या कानात पडणार होतं. काटा लाल रेघेला टेकत होता. आणि मनाच्या तळाशी एक भाबडी खात्री होती… मोठी गोष्ट कोणी एकदाच विचारून सोडून देत नाही. फिरून येईल प्रश्न. मुरबाडला येईल, समोरासमोर येईल. आत्ता सोप्या अर्थाला उत्तर देऊन टाकू.

तिनं बटण दाबलं.

"नको. थांबू नको. पुढे जा."

मग नियमाप्रमाणे ऐकलेलं परत बोलून दाखवणं.

"थांबत नाय. समजलं."

'नाय' म्हणाला तो. नियम मोडला. कोणी त्याला टोकलं नाही.

चढण पापडनं कशीबशी काढली. वर पोचल्यावर आभाळ फाटलं, ऊन आलं, काटा उठला. निळी गाडी पुढे दिसू लागली. राहीच्या अंगात वारं भरलं. आणि कानात आवाज आला, "डावीकडून घे, रस्ता चांगला हाय." तो अनिलचा होता.

"साईनाथ कुठे?" तिनं विचारलं.

"सरळगावला उतरला आता. घरी पाहुणे हायेत ना त्याच्या."

पुढच्या वळणाला सरळगावचा नाका. गर्दी, पोरांच्या शिट्ट्या, रसवंतीची घुंगरं. आणि त्या गर्दीत, कडेच्या दगडावर उभा साईनाथ. इस्त्रीचा सदरा, सप्ताहाच्या दिवशीचाच. राहीनं त्याला लांबूनच पाहिलं. पाय ब्रेकवर गेला. गाडी एकदा उभी राहिली की पुन्हा उचलायला जी वीज लागते ती बॅटरीत नव्हती. थांबली असती तर शर्यत तिथेच संपली असती. नऊ पोरांचं वर्ष, सरांचा जीव, सगळं नाक्यावर उभं राहिलं असतं, आणि हजार डोळ्यांनी बघितलं असतं की राघोची मुलगी कोणासाठी थांबली.

साईनाथनं तिचा वेग किंचित तुटलेला पाहिला. गाडीतलं त्याच्याइतकं कोणाला कळायचं नाही. त्यानं हात वर केला आणि मुरबाडच्या दिशेनं दाखवला. जा. पुढे जा.

राहीनं पाय काढला.

मुरबाडला पापड दुसरी आली. निळ्या गाडीनंतर चार मिनिटांनी. तरी पोरांनी तिला खांद्यावर घेतलं, सरांनी डोळे पुसले, सकुबाई कुठून तरी जीपला लटकून आली होती, तिनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. हारातल्या झेंडूची पाकळी राहीच्या ओठाला चिकटली होती. ती काढायचंही तिला सुचलं नाही. ऊन उतरत होतं. सरळगाव दहा-बारा किलोमीटरवर होतं. कोणाची तरी मोटरसायकल मिळाली असती. ती फोटोसाठी उभी राहिली.

मंगळवारी साईनाथ शेडमध्ये आला. बोटात नवी अंगठी. तेलकट होऊ नये म्हणून त्यानं ती काढून खिशात ठेवली आणि पापडची मागची चाकं सोडवायला बसला. राही दारात उभी राहिली. दोन रात्री तिनं एक वाक्य घोकलं होतं, ते म्हणून टाकलं.

"परवा वायरलेसवर खरखर होती रे. मला वाटलं, ट्रॅक्स थांबवू का विचारतोयस."

तो चाक फिरवत राहिला. मग म्हणाला, "खरखर नव्हती. आदल्या दिवशी मीच वायरलेसच्या तारा डाग देऊन पक्क्या केल्या होत्या."

त्यात राग नव्हता. तेच तर वाईट. रागावला असता तर भांडता आलं असतं.

राही आत आली आणि गाडीच्या पलीकडे जमिनीवर बसली. दोघांच्या मधे पापड.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "कळलंही होतं."

त्याचा हात थांबला. "मग?"

"मला वाटलं, परत विचारशील."

"राही… एकदा विचारायलाच मला चार महिने लागले."

छपरावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज पत्र्यावर येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "आत्ता सांगितलं तर?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. जितकं पाहायचं राहिलं होतं तितकं पाहून घेतल्यासारखं.

"सुपारी फुटली गो. अनितानं परवा माझ्या आईच्या पाया पडून विचारलं, गाडी मलापण दाखवाल का म्हणून. तिनं काय वाईट केलंय कोणाचं? तिला आता काय सांगू?"

राहीनं मान हलवली. अनिता चांगली मुलगी होती, हीच अडचण होती.

"पाना दे," तो म्हणाला.

तिनं दिला. दोघांनी मिळून चाकं उतरवली, बेअरिंग पुसली, ग्रीस भरलं. कामात एकदा त्याचा हात तिच्या हाताला लागला. दोघांनी काढून घेतला नाही, आणि धरलाही नाही. संध्याकाळी तो एसटीनं गेला. वैशाखात लग्न झालं. राही टीमबरोबर गेली, अक्षता टाकल्या, पंगतीत जेवली. अनितानं तिला आग्रह करकरून जिलेबी वाढली.

पुढे पापड कॉलेजच्या कोपऱ्यात पडून राहिली. साईनाथनं सरळगावला दुकान मोठं केलं. आता तो सौरदिव्यांचे खांब जोडतो, आणि काम चोख करतो. राही नाशिकला नोकरीला गेली, चांगली मोठी झाली, वडिलांचं नाव चार तोंडात गेलं ते कौतुकानंच. स्थळं आली, तिनं नको म्हटलं. का नको, ते कोणाला सांगितलं नाही. घरात कोणी खोदून विचारलं की म्हणते, राहून गेलं. यापलीकडे ती बोलत नाही, आणि रडगाणंही गात नाही.

बुवा उठलेत बघा, मृदंगाला कणीक लावून झाली. एवढंच मागणं आहे. आरती झाली की तुम्ही आपापल्या माणसांची नावं घेऊन हात जोडाल, त्यात एक नाव जास्तीचं घ्या. साईनाथचं नका घेऊ, त्याचं घ्यायला घरात बायको आहे, दोन लेकरं आहेत. राहीचं घ्या. तिच्यासाठी देवापुढे हात जोडणारे राघो गेल्या आषाढात गेले.